चाकांवरचे घर आणि सोबतीचे माणूस

प्रवासवर्णन वाचताना मला एक खोड आहे. 'मी निघालो' असे लेखकाने लिहिले रे लिहिले, की माझी नजर त्याच्या पाठीमागे कोण उभे आहे ते शोधू लागते. दशम्या कोणी बांधून दिल्या? स्टेशनवर पोचवायला कोण आले होते? वाटेत ताप भरला तेव्हा कपाळावर हात कोणाचा होता? लेखक हे सहसा सांगत नाही, कारण सूर्यास्ताच्या वर्णनात दशम्या बसत नाहीत. 'मी केलेला प्रवास' या विषयावरचे निबंध वर्षानुवर्षे तपासून मला ही खोड लागली असावी. चौथी-पाचवीतली मुले या बाबतीत फार प्रामाणिक. त्यांच्या निबंधात पहिल्याच ओळीत आई, बाबा, आत्या, आत्याचे यजमान आणि गाडीत ओकलेला धाकटा भाऊ असे सगळे हजर असतात. महाबळेश्वर येते ते शेवटच्या ओळीत, आणि तेही गुण कापले जाऊ नयेत म्हणून.

यंदाच्या पावसाळ्यात ही खोड पुन्हा उफाळली. माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत मिनेसोटा राज्यात असतो. आमच्या खाडीकाठच्या शाळेत भूगोलाच्या तासाला तो खिडकीबाहेरच्या होड्या मोजत बसायचा. मी फळ्यावर 'प्रेअरी : गवताळ मैदाने, मुख्य पीक गहू' असे लिहिले होते, तेवढे मात्र त्याच्या ध्यानात राहिले असले पाहिजे, कारण गेल्या वर्षी त्याने एक 'मोटारहोम' भाड्याने घेतले, म्हणजे निजण्याची, रांधण्याची आणि अंघोळीची सोय आत असलेली भलीमोठी मोटार घेतली, आणि त्या गवताळ मैदानांतून नॉर्थ डकोटा आणि माँटाना या राज्यांत तो एकट्याने हिंडून आला. तसे त्याने कळवले आणि एक छायाचित्र पाठवले. नजर पोचेल तिथवर पिवळे गवत, मध्ये ती पांढरी मोटार, पुढे घडीच्या खुर्चीवर तो. मागाहून कोणा येणाऱ्याबरोबर एक पुस्तक पाठवले : जॉन स्टाइनबेकचे 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली'. 'सर, मी याच वाटेने गेलो' असे आत लिहिले होते. छायाचित्र कोणी काढले, हे मी विचारले नाही.

माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. शब्दकोश मांडीवर घेऊन, बाहेर आषाढ कोसळत असताना, मी ते पुस्तक महिनाभर पुरवून वाचले. आणि वाचकहो, त्याच्याविषयी दोन शब्द या दिवाळीत तुमच्यापुढे ठेवावेत असे वाटले, ते पुस्तक थोर आहे म्हणून नव्हे. ते फार गोड आहे आणि त्यात एक लबाडी आहे. दोन्हींचा उगम एकाच ठिकाणी आहे, असे मला वाटते.

हकीगत अशी. १९६० साली स्टाइनबेक अठ्ठावन्न वर्षांचा होता. 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' लिहून एकवीस वर्षे झाली होती. नाव, पैसा सगळे होते. प्रकृतीने मात्र एक धक्का दिला होता. ज्या देशाविषयी आपण लिहितो तो आपण कित्येक वर्षांत डोळ्यांनी पाहिलेलाच नाही, हे त्याच्या मनाने घेतले. मग त्याने एक मजबूत पिकअप ट्रक घेतला आणि त्याच्या पाठीवर छोट्या बोटीच्या केबिनसारखी खोली बसवून घेतली. आत दुहेरी बिछाना, चार शेगड्यांची चूल, थंडीसाठी हीटर, फ्रिज, कपाट, जाळीच्या खिडक्या. डॉन किहोतेच्या मरतुकड्या घोड्याचे नाव त्याने या गाडीला दिले, 'रोसिनान्ते'. बंदुका आणि मासे धरण्याचे गळ बरोबर घेतले; शिकारीला निघालेल्या माणसाला कोणी 'कुठे आणि कशाला' असे विचारत नाही, म्हणून. आणि चार्ली नावाचा म्हातारा, फ्रान्समध्ये जन्मलेला पूडल जातीचा कुत्रा सोबतीला घेतला. सप्टेंबरच्या २३ तारखेला लाँग आयलंडवरच्या आपल्या घरून तो निघाला आणि सुमारे दहा हजार मैलांचा फेरा घालून परतला. पुस्तक १९६२ साली निघाले. त्याच वर्षी त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

गोडपणा कुठे आहे ते आधी सांगतो. निघण्यापूर्वी गाडी दाराशी उभी असते तेव्हा आजूबाजूची माणसे येऊन तिच्याभोवती घोटाळतात. आत डोकावतात, हात फिरवतात आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक भूक दिसते. कुठे जायचे, याला महत्त्व नाही, इथून निघायचे. शेजारचा तेरा वर्षांचा मुलगा मला घेऊन चला म्हणून मागे लागतो. हे वाचताना आमच्या बंदरावर सुट्टीच्या दिवशी मुंबईच्या लाँचकडे बघत उभी राहणारी पोरे मला आठवली. शिवाय संसारातल्या युक्त्या सांगताना स्टाइनबेकला कादंबरीकाराची नजर आहे. कपडे धुण्यासाठी त्याने काय केले असेल? झाकणाची प्लास्टिकची बादली घेतली, ती जाड रबरी दोरीने कपाटातल्या दांडीला टांगली, आत पाणी, साबण आणि मळके सदरे घातले. दिवसभर गाडी हिंदकळली की कपडे आपोआप खळबळून निघत. आमच्या घरी हे मी वाचून दाखवले तेव्हा सौभाग्यवतींनी पुस्तकातल्या एवढ्या एकाच गोष्टीला मान डोलावली.

एक गोष्ट मात्र ओझरती सांगून पुढे जातो. 'द ग्रेप्स ऑफ रॅथ'मध्येही घर पाठीवर घेतलेला ट्रक आहे. दुष्काळाने आणि सावकारीने जमिनीवरून उठवलेले जोड कुटुंब त्यावर लादलेले आहे : गाद्या, भांडी, आजी, आजोबा, पोटुशी पोर, सगळे. वीस वर्षांनी त्याच लेखकाच्या ट्रकावर एक माणूस आणि एक कुत्रा उरला. चाकांवर घर हौसेने बांधणारे वेगळे आणि गरजेने बांधणारे वेगळे, हे आपल्याला कोणी सांगायला नको. ही दिवाळी उरकता उरकता मराठवाड्यातून ऊसतोडीला निघणाऱ्या गाड्या आणि ट्रॅक्टर आपण पाहतोच. त्यांवर चूल, पोर, शेळी, कोंबडी सगळे असते. जेसिका ब्रूडर या अमेरिकन बाईंचे 'नोमॅडलँड' हे पुस्तक २०१७ साली आले. म्हातारपणी घर गमावून मोटारीत राहणारी माणसे हंगामी कामाच्या मागे कशी फिरतात ते त्यात आहे. त्यातल्या काहींचे काम नॉर्थ डकोटात, शरद ऋतूत, बीट काढणीच्या हंगामात असते. बीट कशाचे? साखरेचे! पृथ्वीच्या दोन बाजूंना एकाच सुमारास माणसे घर चाकांवर घालून साखरेमागे निघतात. स्टाइनबेक ऑक्टोबरात त्याच मुलखातून गेला. त्याच्या रोसिनान्तेला हे दिसले नाही, की त्याने पाहिले नाही, कोण जाणे.

आता त्या मैदानांकडे येतो. पुस्तकाचा जीव तिथे आहे. शिकागोहून निघून तो मिनेसोटात शिरतो, मोठ्या शहरात वाट चुकतो, मग पश्चिमेला फार्गोकडे वळतो. फार्गो हे नाव लहानपणापासून त्याच्या मनात बर्फाचे आणि दंतकथेचे होते. नकाशाची घडी घातली की देशाच्या बरोबर मध्यावर, घडीच्या रेषेत, फार्गो येते, हे त्याने हेरून ठेवलेले. प्रत्यक्ष गाव मात्र इतर गावांसारखेच निघते. पण गाव मागे पडले आणि डोळे मिटले की मनातले फार्गो जसेच्या तसे शाबूत! हे वाचून मी पुस्तक खाली ठेवले होते. रायगड किल्ला पहिल्यांदा पाहून उतरताना मलाही नेमके असेच झाले होते. त्या वेळी ते कबूल करण्याची लाज वाटली होती.

पुढे मिसूरी नदी येते. तो म्हणतो की नकाशाची घडी खरी इथे पडायला हवी. अलीकडे पूर्वेचे हिरवे गवत, पलीकडे पश्चिमेची करडी, चिरलेली, कोरडी जमीन. मग 'बॅडलँड्स' नावाचा भुईचा तुटका-फुटका मुलूख लागतो. दिवसा त्याला तिथे भय वाटते, आपण उपरे आहोत, नको तिथे आलो आहोत असे वाटते. संध्याकाळी उन्हे तिरपी झाली की तेच खडक आतून पेटल्यासारखे होतात आणि त्याचा पाय निघत नाही. या पानांत गाडी, चूल, बादली काही नाही. एक माणूस आणि फार मोठे आकाश. आम्हा कोकणातल्या माणसांना सपाट जमीन ठाऊकच नाही. जरा चाललो की डोंगर आडवा येतो. आमचे मैदान एकच, समोरचा समुद्र. म्हणून ही पाने मला थेट कळली. रात्री नांगर टाकलेल्या मचव्यात एकटा माणूस बसलेला असतो, त्याची ती भाषा आहे.

याच टापूत मेपल नदीच्या काठी, अ‍ॅलिस नावाच्या गावाजवळ त्याचा मुक्काम पडतो आणि त्याला एक नट भेटतो. हा नट जुनी मोटार आणि तिच्यामागे घर ओढत गावोगाव हिंडतो आणि शाळांतून, चर्चमधून शेक्सपियरची भाषणे म्हणून दाखवतो. थोर नट जॉन गिलगुड यांचे एक पत्र त्याने जीवापाड जपून, गुंडाळून ठेवले आहे. दोघे पेय घेतात, बोलतात. रंगमंचावरून वेळेवर निघून कसे जावे ही एक कला आहे, असे काहीसे तो नट सांगतो आणि तसाच उठून जातोही. पुस्तकातले हे सर्वांत सुंदर प्रकरण. मी ते दोनदा वाचले. असा माणूस मी पाहिलेला आहे! आमच्या शाळेत दर दोन-तीन वर्षांनी कोणी तरी एकपात्री प्रयोग करणारा येतो. एस.टी.तून पत्र्याची पेटी उतरवतो, मुख्याध्यापकांना कोणा बड्या नटाच्या सहीचा पिवळा पडलेला कागद दाखवतो, दुपारच्या सुट्टीनंतर दीड तासात नटसम्राटापासून नारदापर्यंत सगळे होतो आणि मुलांनी जमवलेले पैसे मोजून न पाहता खिशात घालून पाचची गाडी पकडतो. स्टाइनबेकचा नट मला तंतोतंत खरा वाटला.

तो खरा नाही. निदान त्या रात्री तिथे नव्हता, एवढे बहुतेक नक्की. कारण त्या रात्री स्टाइनबेकच तिथे नव्हता.

२०१० साली पिट्सबर्गचे एक निवृत्त पत्रकार, बिल स्टायगरवाल्ड, त्या प्रवासाला पन्नास वर्षे झाली म्हणून त्याच वाटेने निघाले. मनात आदर होता. पण बातमीदाराची सवय अशी की तारीख दिसली की पडताळायची. त्यांनी स्टाइनबेकची छापलेली पत्रे पाहिली, न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात ठेवलेला हस्तलिखित खर्डा पाहिला, आणि गोष्ट उलगडू लागली. १२ ऑक्टोबर १९६० रोजी स्टाइनबेकने बायकोला लिहिलेले पत्र आहे. ते नॉर्थ डकोटाच्या पार पश्चिम टोकाच्या बीच नावाच्या गावातून लिहिलेले आहे. अ‍ॅलिसपासून हे गाव तीनशे मैलांहून दूर. आणि तिथे लेखकमहाशय मोटेलात उतरून गरम पाण्याने अंघोळ करत होते. पुढे असेही दिसले की उघड्यावरचे, गाडीतले मुक्काम पुस्तक वाचून वाटतात त्यापेक्षा फार थोडे होते. बऱ्याच रात्री हॉटेलांत, मोटेलांत, ओळखीच्यांच्या घरी गेल्या. आणि मुख्य गोष्ट, बायको एलेन बरेच दिवस बरोबर होती. शिकागोत ती आली, हे पुस्तकात आहे, पण तिथल्या दिवसांचे वर्णन पुस्तकाच्या ओघात बसत नाही म्हणून वगळतो, असे म्हणून ते दोन वाक्यांत गुंडाळले आहे. टेक्ससमध्येही ती येते. परंतु पॅसिफिक किनाऱ्यावर, सिअ‍ॅटलपासून खाली, ती त्याच ट्रकात त्याच्या शेजारी होती. खर्ड्यात ती आहे; छापील पुस्तकात नाही. तिथे शेजारच्या आसनावर फक्त चार्ली आहे.

स्टायगरवाल्ड यांनी २०११ साली हे लिहिले, मग २०१२ साली त्यावर पुस्तक काढले. थोडी खळबळ झाली. त्याच वर्षी 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली'ची पन्नाशीची आवृत्ती निघाली, तिच्या प्रस्तावनेत चरित्रकार जे परीनी यांनी हे पुस्तक शब्दशः खरे मानू नये असा इशारा घातला. विद्वानांचे म्हणणे पडले की स्टाइनबेक कादंबरीकार होता, त्याने मोठे सत्य सांगण्यासाठी लहान तपशील बदलले, त्यात काय एवढे? दोन माणसांनी एकच शहर पाहिले तरी ती दोन शहरे असतात, हे त्याने स्वतःच पुस्तकात म्हणून ठेवले आहे.

हे उत्तर मला पटत नाही. तपशील बदलण्याबद्दल माझी तक्रार नाही. मीही कादंबऱ्या लिहितो, तारखा इकडच्या तिकडे करतो. माझे म्हणणे वेगळे आहे. या प्रवासात स्टाइनबेक खरोखर एकटा कुठे होता ते पाहा. शिकागोला बायकोचा निरोप घेतल्यापासून सिअ‍ॅटलला ती पुन्हा भेटेपर्यंत. म्हणजे नेमका हाच टापू : मिनेसोटा, नॉर्थ डकोटा, माँटाना. आठवड्याभराच्या आसपास तो दिवसाला शेकडो मैल गाडी पळवत होता. पळवत होता! ज्या मैदानांत रमलो म्हणून तो लिहितो, तिथून तो बायकोकडे धावत होता. आणि जिथे तो खरा एकटा होता, नेमक्या तिथेच त्याने तो नट निर्माण केला. जिथे सोबत होती तिथे ती खोडली आणि जिथे सोबत नव्हती तिथे ती रचली. एकट्याच्या प्रवासात, वाचकहो, काही घडत नाही. गाडी चालते, गवत हलते, रेडिओ बोलतो, रात्री मोटेलच्या दिव्याखाली माणूस पत्र लिहितो. त्या पत्राचे प्रकरण त्याने पुस्तकात घातले असते तर? थकलेला, आजारातून उठलेला, साठीला आलेला जगप्रसिद्ध लेखक, तीनशे मैल मागे टाकून, गरम पाण्यात अंग शेकत, ज्या बाईला टाकून 'मी एकटा' म्हणून निघालो तिलाच लिहीत बसला आहे. गिलगुडच्या पत्रापेक्षा हे पत्र मोठे होते. ते त्याच्या हातात होते आणि त्याने ते पोस्टात टाकले, पुस्तकात टाकले नाही.

तरीही बॅडलँड्सची ती पाने मला खोटी वाटत नाहीत. भय खोटे लिहिता येत नाही. नट रचता येतो. ओसाड जागेत आपण नकोसे आहोत ही भावना रचता येत नाही, आणि रचली तर ती पहिल्या वाक्यालाच उघडी पडते. म्हणून मी या पुस्तकाचे दोन ढीग केले. जिथे तो माणसांशी गप्पा मारतो तो ढीग कादंबरीच्या फळीवर, आणि जिथे तो गप्प आहे तो प्रवासवर्णनाच्या.

हे पुस्तक वाचत असतानाच मी आपल्या घरचे एक प्रवासवर्णन पुन्हा काढले. विष्णुभट गोडसे पेणजवळच्या वरसईचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातले. घरावर कर्ज होते. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळेल, असे कानावर आले म्हणून १८५७ साली हा भिक्षुक उत्तरेकडे निघाला, आणि सरळ बंडाच्या वणव्यात जाऊन पडला. झाशीच्या वेढ्यात सापडला, १८५८ साली शहर पडले तेव्हाची कत्तल आणि लूट त्याने पाहिली, मिळवलेले पैसे पुनःपुन्हा लुटले गेले, आणि शेवटी घरी आला तो मुख्यतः गंगेची कावड घेऊन. आईबापांना त्या पाण्याने स्नान घातले. 'माझा प्रवास' हे त्याचे पुस्तक.

माझा प्रवास! नाव 'माझा' आणि आत पाहावे तर पानोपानी काका. रामभट काका बरोबर आहेत. काकांचा सल्ला, काकांची भीती, काकांबरोबर लपणे, काकांबरोबर उपास काढणे. वर्णन करताना गोडसे भटजी आपला 'मी' फुगवत नाहीत. राणी लक्ष्मीबाईला पाहिल्याचे सांगतात तेव्हाही ते कोपऱ्यात उभे असलेले भिक्षुकच असतात. जे स्वतः पाहिले नाही, कानपूरचे किंवा लखनौचे, तेही सांगतात, पण ते कानी आलेले आहे हे वाचकाला कळते. तारखा पुष्कळ चुकतात. लिहिले तेव्हा पंचवीसएक वर्षे उलटली होती. तरी 'रात्री कुठे झोपलात, भटजीबुवा?' असे विचारावेसे वाटत नाही. ते आपणहून सांगतात, आणि अंथरूण नव्हते तेही सांगतात.

इथवर लिहून मला वाटले, झाले, वरसईच्या भटजींनी नोबेलवाल्यावर मात केली. पण इतके सोपे नाही. गोडसे भटजींनी ते लिहिले चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून. वैद्यांनी सरकारच्या धास्तीने ते बरीच वर्षे ठेवून दिले आणि १९०७ साली छापले, तेही संस्कार करून, भाषा आणि मांडणी आपल्या हाताने नीट करून. भटजींचा मूळ मजकूर दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली छापून आणला. म्हणजे एकोणसाठ वर्षे महाराष्ट्र जे गोडसे भटजी वाचत होता त्यांच्या हाताशी वैद्यांचा हात होता. तेव्हा 'एकट्याने लिहिलेले' हाही एक प्रकारचा समजच. वैद्यांनी भाषेचा खडबडीतपणा घालवला, स्टाइनबेकने बायको घालवली. फरक एवढाच, की भटजींच्या पुस्तकातून काका कोणी काढले नाहीत. ते काढले असते तर पुस्तकच उरले नसते.

आमच्याच किनाऱ्याचे आणखी एक नाव इथे राहवत नाही. गोपाळराव जोशी पोस्टातल्या नोकरीत अलिबागला होते, तेव्हा त्यांची लहानगी बायको आनंदीबाई तिथे अक्षरे गिरवीत होती. हीच १८८३ साली नवऱ्याला मागे ठेवून अमेरिकेस डॉक्टरी शिकायला गेली. एकटी, असे आपण अभिमानाने म्हणतो, आणि ते खोटे नाही. पण तिने आपल्या एकटेपणाचे नाटक केले नाही. ज्यांच्या घरी राहिली त्यांना मावशी मानले आणि तसे म्हणत राहिली. असो. हा विषय मोठा आहे आणि चकल्यांचा वास येऊ लागला आहे.

मघापासून मी स्टाइनबेकवर तोंडसुख घेतो आहे, तर आता माझेही सांगून टाकतो. दहाएक वर्षांपूर्वी एका अंकासाठी मी एक लेख लिहिला होता. रेवसपासून हरिहरेश्वरापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने स्कूटरवरून केलेला प्रवास. रेवदंड्याची खाडी, कोर्लईचा डोंगर, काशीदची वाळू, आगरदांड्याहून दिघीला फेरीबोट, दिवेआगर, मग शेखाडीवरून समुद्राच्या कडेकडेने श्रीवर्धन. लेखात मी 'एकटाच' होतो. त्या एकटेपणावर मी फार मेहनत घेतली होती. फेरीबोटीच्या कठड्याला टेकून जंजिऱ्याकडे बघत माणसाच्या एकाकीपणावर एक परिच्छेद होता, तो संपादकांना विशेष आवडला. श्रीवर्धनच्या वाडीत एका सुपारी सोलणाऱ्या म्हातारीशी झालेले संभाषण होते. ती बाई सुपारी सोलता सोलता आपल्या तीन मुलींची लग्ने कशी केली ते सांगते. पुष्कळांनी पत्रे पाठवून त्या म्हातारीचे कौतुक केले.

स्कूटरच्या मागच्या आसनावर सौभाग्यवती होत्या. पाण्याची बाटली, डबा आणि माझी टिपणवही त्यांच्याच मांडीवर होती. म्हातारीशी बोलल्या त्याच. मी तोवर बाहेर प्लग साफ करत होतो. म्हातारीने मला पाहून पदर ओढून घेतला आणि ती गप्प झाली. सगळे मला रात्री मुक्कामावर कळले, सौभाग्यवतींच्या तोंडून. लेख छापून आला, घरात अंक आला. त्यांनी तो दुपारी निवांत बसून वाचला. संध्याकाळी चहा देताना एवढेच विचारले, "अहो, त्या सुपारीवाल्या आजीशी तुम्ही पुन्हा जाऊन बोललात का?" मी म्हटले, "नाही." त्या म्हणाल्या, "मग बरं," आणि कप उचलून आत गेल्या. पुढे कितीतरी दिवस माझ्या कोणत्याही लेखाविषयी त्यांनी अवाक्षर काढले नाही. आजही काढत नाहीत.

असे मी का केले, ते मला तेव्हाही ठाऊक होते. बायकोला मागे बसवून समुद्राकाठी फिरून आलेल्या शिक्षकाचे वर्णन कोण छापणार? त्याला सहल म्हणतात. एकटा गेला की तो प्रवासी होतो. स्टाइनबेकनेही हाच हिशेब केला असावा. बायको शेजारी बसली असती तर 'अमेरिकेच्या शोधात' हे उपनाव पुस्तकाला शोभले नसते. शोध घ्यायला निघालेल्याच्या शेजारी 'जेवून घ्या' म्हणणारे कोणी असून चालत नाही. डॉन किहोतेचा घोडा त्याने घेतला आणि सांचो पांझाला खाली उतरवले. सर्वांतिसांनी, म्हणजे त्या मूळ पुस्तकाच्या कर्त्याने, ही चूक केली नव्हती. पंचाईत अशी की एलेन त्या पुस्तकातून पुरती जातही नाही. सुरुवातीलाच मोठे वादळ होते, 'डॉना' नावाचे. त्यात आपली बोट वाचवायला हा अठ्ठावन्न वर्षांचा गृहस्थ समुद्रात उडी घेतो. फार थरारक पान आहे. त्या बोटीचे नाव 'फेअर एलेन' आहे.

हा लेख मी लिहून काढला आणि या वेळी, आयुष्यात पहिल्यांदा, पाठवण्यापूर्वी घरात वाचून दाखवला. सौभाग्यवती भाजणी मळत होत्या. स्कूटरचा भाग आला तेव्हा त्यांनी मान वर केली नाही. वाचून झाल्यावर थोडा वेळ सोऱ्याचा आवाज येत राहिला.

"त्या कुत्र्याचं पुढे काय झालं हो?"

"चार्ली? तो १९६३ साली गेला. म्हातारा झाला होता."

"त्याचं नाव पुस्तकावर तरी आलं," त्या म्हणाल्या, आणि तेल तापले का ते बघायला वाकल्या.